ग्वाल्हेरच्या थंडीत मऊ रोल : एका स्वयंपाकघराचं प्रकरण

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला जुना दगडी वाडा, जानेवारी महिना, आणि संक्रांतीनंतरच्या रविवारी ठरलेलं हळदीकुंकू. माझ्या चुलतभावाच्या घरचं हे प्रकरण आहे. वहिनींना त्या दिवशी तिळगुळाबरोबर ताज्या मटारची उसळ आणि घरी भाजलेले मऊ रोल द्यायचे होते. येणाऱ्यांत अंडं न खाणाऱ्या बऱ्याच, म्हणून रोल बिनअंड्याचे. सकाळी वाण, पूजा, स्वयंपाक यांत ओव्हन लावायला उसंत नसते. त्यामुळे भाजायचे आदल्या संध्याकाळी आणि वाढायचे दुसऱ्या दिवशी पाचच्या सुमारास. म्हणजे वीस-बावीस तासांनीही ते दोन बोटांनी सहज तुटायला हवेत. सगळ्यांत अवघड अट हीच होती, आणि तिच्यामुळेच दुखणं नेमकं कुठे आहे ते कळलं.

वहिनींनी आधी बरेचदा करून पाहिले होते. गरम असताना रोल बरे लागत. दोन तासांत वरचं कवच ताठ होई आणि दुसऱ्या सकाळी चहात बुडवल्याशिवाय काकूंना चावत नसत. काकूंना कवळी आहे. त्या सरळ म्हणाल्या, "अगं, यापेक्षा बेकरीतली डबल रोटी आण." वहिनींना ते लागलं. मला फोनवर म्हणाल्या, "ताई, कृती तीच आहे. मुंबईत माझ्या बहिणीकडे याच कृतीने मऊ होतात. मग इथेच काय बिघडतं?"

या प्रश्नातच अर्धा माग होता. मुंबईच्या जानेवारीत स्वयंपाकघर पंचवीस अंशांच्या आसपास सहज असतं. वाड्यातल्या त्या ओट्यावर थर्मामीटर ठेवला तर दुपारीसुद्धा तेरा अंश दाखवत होता. दीड हात जाडीच्या दगडी भिंती मे महिन्यात जीव वाचवतात आणि जानेवारीत गारठा धरून ठेवतात.

कापलेला रोल

बिघडलेला पाव फेकण्याआधी सुरीने मधोमध कापून बघावा, हे मी प्रत्येकाला सांगते. त्यात बहुतेक गोष्टी लिहिलेल्या असतात. वहिनींच्या रोलच्या तळाशी बोटाच्या पेरापेक्षा थोडा कमी जाड, घट्ट, जाळी नसलेला थर होता. कडेला आडवी चीर गेलेली. वरचं कवच रंगाने फिकट, पण जाड. हातात घेतला तर आकाराच्या मानाने जड.

कडेची चीर म्हणजे रोल पुरेसा फुगायच्या आत ओव्हनमध्ये गेला. उष्णता लागताच आतला वायू एकदम पसरतो, तोवर वरची साल वाळून बसायला लागलेली असते, मग तो कमकुवत जागेतून वाट काढतो. फिकट आणि तरीही जाड कवच म्हणजे मंद आचेवर फार वेळ भाजणं. तळाचा थर दोन्हींमुळे येऊ शकतो, शिवाय पीठ घट्ट असलं तरी येतो. म्हणजे एक नाही, निदान तीन गोष्टींचा संशय.

यीस्टवर मात्र संशय उरला नाही. पाव वाटी कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि अर्धा चमचा यीस्ट घातलं, दहा मिनिटांत वर फेस जमला. पाकीट उघडल्यावर वहिनींनी ते हवाबंद बरणीत फ्रिजमध्ये ठेवलं होतं, ते योग्यच होतं.

आधीच केलेले उपाय

रोल कडक झाले की माणूस ज्या दोन गोष्टी वाढवतो, त्या त्यांनीही वाढवल्या होत्या: यीस्ट आणि बटर. पाच ग्रॅमचं यीस्ट दहा ग्रॅम झालं होतं आणि बटर दुप्पट.

यीस्ट दुप्पट केल्याने थंड पीठ थोडं लवकर हलतं, हे खरं. पण रोलला उग्र वास येतो, जाळी ओबडधोबड होते, आणि मूळ अडचण, म्हणजे पिठाचा गारठा, तशीच राहते. बटरचं तर थंडीत उलटंच होतं. तेरा अंशांना बटर दगडासारखं घट्ट असतं, ते जास्त असलं की पीठही ताठरतं, आणि ताठर पिठाला वर ढकलायला यीस्टला अधिक जोर लागतो. शिवाय पीठ अजून कोरडं असतानाच बटर घातलं, की ते मैद्याच्या कणांवर बसून त्यांना दूध पिऊ देत नाही, आणि चिवट जाळं तयार व्हायला वेळ लागतो. बटरमुळे मऊपणा येतो हे मीही मान्य करते, पण तो शेवटचा हात आहे. पाया दूध-पाण्याचा असतो.

काट्यावर

मी वहिनींना म्हटलं, तुम्ही नेहमी करता तसंच करा, मी फक्त वजन घेते.

कृतीत तीन कप मैदा होता. हलक्या हाताने चमच्याने भरलेल्या कपात साधारण १२५ ग्रॅम मैदा मावतो, म्हणजे तीन कपांचे ३७५. वहिनी कप डब्यात बुडवून, दाबून, काठाला निपटून घेत होत्या. काट्यावर तीन कपांचे ४५० ग्रॅम भरले. दूध २४० ग्रॅम. शंभर ग्रॅम मैद्याला ६४ ग्रॅम दूध अपेक्षित होतं, ते इथेच ५३ वर आलं.

खरा घोटाळा पुढे होता. पीठ हाताला चिकटायला लागल्याबरोबर वहिनींचा हात आपोआप पिठीच्या डब्याकडे गेला. थोडी पिठी, पुन्हा मळणं, पुन्हा थोडी पिठी. गोळा गुळगुळीत झाला, परातीला काही चिकटेनासं झालं, तेव्हा त्यांना पीठ "जमलं" असं वाटलं. डबा पुन्हा तोलला तर ५५ ग्रॅम पिठी गेली होती. आता शंभर ग्रॅमला दूध उरलं जेमतेम ४७-४८ ग्रॅम.

यात त्यांचा निष्काळजीपणा नव्हता, हे मला ठासून सांगायचं आहे. तीस वर्षं रोज पोळ्या करणारा हात आहे तो. चिकटणारी कणीक म्हणजे बिघडलेली कणीक, हे त्या हाताला पक्कं ठाऊक आहे, आणि पोळीच्या बाबतीत ते बरोबरच आहे. रोलचं पीठ मात्र सुरुवातीला चिकटलंच पाहिजे. मळता मळता मैद्यातली प्रथिनं दूध शोषून एकमेकांत गुंततात आणि चिकटपणा आपोआप कमी होतो. त्या आधीच पिठी घातली, की पुढच्या दिवसाचा मऊपणा तिथेच खर्ची पडतो. मी पाहिलेल्या घरगुती पावांपैकी बहुतेक याच वळणावर बिघडलेले आहेत.

दूध सकाळी तापवून ओट्यावर ठेवलेलं, म्हणजे पुरतं गार. मळून झालेल्या पिठात थर्मामीटर खोवला: सोळा अंश. कृतीत लिहिलं होतं "एक तास झाकून ठेवा". सत्तावीस अंशांच्या पिठाला तास-सव्वा तास पुरतो. तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं की यीस्टचा वेग साधारण निम्म्यावर येतो. सोळा अंशांच्या पिठाला त्या तासात अर्धंही काम होत नाही.

दोन अर्धे गोळे

आता दोन कारणं समोर होती, घट्ट पीठ आणि गार पीठ. एकाच वेळी दोन्ही सुधारली असती तर रोल चांगले झाले असते, पण कशामुळे ते वहिनींना कळलं नसतं. म्हणून अर्ध्या-अर्ध्या प्रमाणात दोन गोळे केले.

पहिल्यात मैदा तोलून घेतला, पिठीचा डबा बाजूला ठेवला, पण दूध गारच आणि पीठ ओट्यावर एकच तास. दुसऱ्यात वहिनींचं नेहमीचं घट्ट पीठ, पण दूध कोमट, आणि गोळा उबेत, दुप्पट होईपर्यंत. उबेची जागा काकूंनीच सुचवली. थंडीत वहिनी विरजण बंद ओटीजीत, म्हणजे त्यांच्या विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, शेजारी उकळत्या पाण्याचं भांडं ठेवून लावतात. "दही तिथे लागतं तर हेही फुगेल," काकू म्हणाल्या. आत अठ्ठावीस अंश मिळाले.

पहिल्या गोळ्याचे रोल बुटके आणि चिवट निघाले, कडेला तीच चीर. पण दुसऱ्या सकाळी ते कोरडे पडले नव्हते. दुसऱ्या गोळ्याचे रोल छान उंच आले, गरम असताना तर काकूंनी आपणहून दुसरा मागितला. सकाळी मात्र तोडताना चुरा पडत होता. उंची उबेने येते आणि दुसऱ्या दिवशीचा ओलावा दुधाच्या प्रमाणाने टिकतो, हे त्या दोन ताटल्यांत शेजारी शेजारी दिसलं. वहिनींनी दोन्ही कापून बघितले आणि पिठीचा डबा स्वतःच वरच्या फळीवर ठेवून आल्या.

खळ

वीस-बावीस तासांची अट होती म्हणून मी आणखी एक गोष्ट घातली. पूर्व आशियात मऊ पाव करताना थोडं पीठ दुधात किंवा पाण्यात शिजवून त्याची खळ पिठात मिसळतात. २५ ग्रॅम मैदा आणि १२५ ग्रॅम दूध, म्हणजे एकास पाच. मंद आचेवर ढवळत राहायचं. ६५ अंशांच्या आसपास मैद्यातला स्टार्च फुगतो आणि मिश्रण दाटतं. थर्मामीटर नसला तर चमचा फिरवल्यावर भांड्याचा तळ क्षणभर दिसला की उतरवायचं.

मोदकाची उकड काढतो तेव्हा हेच घडतं. कोरड्या पिठीला जेवढं पाणी धरता येत नाही, तेवढं ती वाफेवर शिजल्यावर धरते, आणि म्हणून पारी वळता येते. खळीमुळे रोलच्या पिठात जास्त दूध जातं, पण पीठ त्या मानाने सैल होत नाही. पिठी घालायचा मोहसुद्धा त्यामुळे कमी होतो.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांत आयती झालेली असते. न उकळलेल्या दुधातली काही प्रथिनं पावाची जाळी कमजोर करतात, म्हणून बेकरीच्या पुस्तकांत दूध चांगलं तापवून निववायला सांगतात. आपण दूध उकळल्याशिवाय ठेवतच नाही.

ठरलेलं प्रमाण असं: एकूण मैदा ३७५ ग्रॅम, त्यातले २५ खळीत. एकूण दूध २६५ ग्रॅम, त्यातलं १२५ खळीत आणि १४० चाळीस अंशांपर्यंत कोमट करून, म्हणजे बोट बुडवलं तर ऊन लागेल पण भाजणार नाही इतपत. साखर ३५, मीठ ७, इन्स्टंट यीस्ट ५, बटर ४५ ग्रॅम. बटर खारं असेल तर मीठ ग्रॅमभर कमी. मैद्याच्या पाकिटावर शंभर ग्रॅमला दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लिहिलेली असली की पुरे. काकूंनी विचारलं, थोडी कणीक घालू का? आपल्याकडची शरबतीची कणीक पोळीला फार गोड, पण तिच्यातला कोंडा जाळी कापतो आणि दूधही अधिक मागतो. हळदीकुंकवासाठी नको, एरवी घरी चतकोर घालून खुशाल करावी, दूध वाढवून.

मळताना आधी बटर सोडून सगळं कालवून वीस मिनिटं झाकून ठेवलं. या वीस मिनिटांत मैदा दूध पितो आणि निम्मं मळणं वाचतं. नंतर पंधरा मिनिटं ओट्यावर ताणून, घडी घालून, थोडं आपटून. पीठ ओट्यावरून उचलायला सपाट कालथा, हाताला पिठीऐवजी थेंबभर तेल. कणीक तिंबायची सवय इथे फार उपयोगी पडली. मनगटाचा तो जोर नवख्या माणसाकडे नसतो. पीठ गुळगुळीत व्हायला लागल्यावर बटर, हातात दाबून मऊ केलेलं, वितळवलेलं नव्हे, थोडं थोडं करून. शेवटी लहानसा तुकडा दोन्ही हातांनी ताणला तर न फाटता पातळ पडदा झाला, पलीकडची बोटं अंधुक दिसली. पिठाचं तापमान सव्वीस.

फुगण्याच्या बाबतीत घड्याळाची सवय मोडायला एक सोपी युक्ती केली. लिंबाएवढं पीठ सरळ काठांच्या काचेच्या ग्लासात दाबून बसवलं, वरच्या पातळीला रबर लावलं, आणि ग्लास मोठ्या गोळ्याशेजारीच ओटीजीत ठेवला. परातीत "दुप्पट झालं का" हे डोळ्यांना कळत नाही, ग्लासात वाद उरत नाही. दीड तासाला थोडा कमी वेळ लागला, मधे एकदा पाणी बदललं.

मग पंचेचाळीस ग्रॅमचे सोळा गोळे, २३ सेंटिमीटरच्या चौकोनी टिनमध्ये चार-चारच्या रांगांत, मधे बोटभर जागा ठेवून. फुगल्यावर ते एकमेकांना टेकतात आणि टेकलेल्या बाजूंना कवच धरत नाही. वहिनी आधी ताटात लांब लांब ठेवत, तेव्हा प्रत्येक रोल चारी बाजूंनी वाळायचा. दुसऱ्या फुगण्याला पाऊण तास. ओल्या बोटाने हलकं दाबलं तर खळगा लगेच उसळून वर येऊ नये आणि तसाच बसूनही राहू नये, सावकाश अर्धा भरावा.

ओटीजी

वरचे रॉड जाळतील या भीतीने वहिनी १६० वर पस्तीस मिनिटं भाजत. पंचेचाळीस ग्रॅमच्या रोलला एवढा वेळ म्हणजे वाळवणच. भाजण्याआधी आणि नंतर वजन केलं, तर जवळजवळ सातवा हिस्सा वजन उडालेलं होतं. आता दोन्ही रॉड लावून, वीस मिनिटं आधी तापवून, १८५ वर सतरा-अठरा मिनिटं, टिन खालच्या खणात. वर रंग चढल्यावर शेवटची चार मिनिटं फॉइल नुसतं पसरून ठेवलं. मधल्या रोलच्या पोटात ९० अंश भरले की बाहेर. या वेळी घट दहाव्या हिश्शाच्याही आत राहिली. ओटीजीच्या बटणावर विसंबू नये. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो घेतलेला बरा, कारण बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांत पंधरा-वीस अंशांचा फरक सर्रास असतो.

बाहेर काढल्याबरोबर वरून बटरचा हात, पाच मिनिटांनी जाळीवर, आणि वर पातळ पंचा. निघणारी वाफ पंच्याखाली कोंडते आणि साल मऊ पडते.

रात्रीचा मुक्काम

ही बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाव शिळा होतो म्हणजे नुसता वाळतो असं नव्हे. भाजताना फुगलेला स्टार्च गार झाल्यावर पुन्हा घट्ट बांधला जातो आणि पाव कडक लागतो, ओलावा आत असूनसुद्धा. ही क्रिया गोठणबिंदूच्या थोडं वर, म्हणजे फ्रिजच्या तापमानाला, सगळ्यांत वेगाने होते. त्या वाड्याचं स्वयंपाकघर पहाटे आठ-नऊ अंशांवर उतरतं. म्हणजे वहिनी रोल ओट्यावर ठेवत होत्या तरी ते जवळपास फ्रिजमध्येच रात्र काढत होते. डब्यात झाकून ठेवूनही फरक का पडत नाही, याचं उत्तर इथे मिळालं.

म्हणून रोल पूर्ण निवल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरले आणि डबा काकूंच्या खोलीतल्या रजयांच्या कपाटात गेला. घरातली सगळ्यांत उबदार जागा तीच.

शनिवारी दोन टिन करायचे होते आणि ओटीजी एकच. इथे गारठाच कामी आला. दुसऱ्या टिनचे गोळे वळून ओट्यावर ठेवले, तिथे ते संथपणे फुगत राहिले आणि पहिला टिन निघेपर्यंत बरोबर तयार झाले. उन्हाळ्यात असं करता येत नाही.

रविवारी पाच वाजता रोल फॉइलमध्ये गुंडाळून १५० वर सात मिनिटं गरम केले. आतून साठ अंशांवर गेले की घट्ट झालेला स्टार्च पुन्हा सैल पडतो. बत्तीस रोल होते. दुसऱ्या टिनच्या तळाला रंग थोडा कमी होता. पहिल्या टिननंतर ओटीजी पुन्हा पाच मिनिटं रिकामी तापवायला हवी होती, तेवढी उणीव राहिली. काकूंनी उसळीबरोबर दोन खाल्ले, न बुडवता. उरलेले चार मुद्दाम कपाटात ठेवले होते. ते सोमवारी दुपारी, म्हणजे दुसरा दिवस उलटत आल्यावरही, गरम केल्यावर तुटत होते, पण गरम न करता खाण्याजोगे राहिले नव्हते. याहून जास्त टिकवायचे असतील तर भाजलेल्या दिवशीच फ्रीझरमध्ये टाकावेत, तिथे ती क्रिया थांबते. फ्रिजच्या खालच्या खणात कधीच नाही.

वहिनींनी मे महिन्यात सुट्टीला येणाऱ्या भाच्यांसाठी हेच रोल करायचं ठरवलं आहे. तेव्हा बाहेर पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि वाड्यातही पस्तिशी गाठते. त्या दिवसांत खळ पूर्ण गार करून घालायची, दूध थेट फ्रिजमधलं, यीस्ट तीन ग्रॅम. पीठ चाळीस मिनिटांतच वर येईल, तेव्हा ग्लासावरचं रबर पहिल्या अर्ध्या तासापासूनच बघत राहायचं, आणि पीठ दुपटीच्या पुढे गेलं तर रोल ओव्हनमध्ये खाली बसतील. मळताना ते जानेवारीपेक्षा जास्त चिकटेल, पिठीचा डबा तेव्हाही वरच्या फळीवरच राहू द्यायचा.